कायगतासति: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शरीरावर आधारलेल्या बौद्ध ध्यानाविषयी वाचकांकडून सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. ज्या प्रश्नांची उत्तरे एकमेकांत मिसळतात, तेथे पुनरुक्ती टाळून संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कायगतासति म्हणजे नेमके काय? यातली 'सति' म्हणजे सती जाण्यातली सती तर नव्हे?

प्रश्नाचा दुसरा भाग हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण तो जवळजवळ दर महिन्याला येतो. पाली 'सति' म्हणजे संस्कृत 'स्मृति'. सती जाण्याच्या प्रथेशी तिचा काहीही संबंध नाही. ध्यानाच्या संदर्भात या शब्दाचा अर्थ जुन्या गोष्टी आठवणे असा नसून, हाती घेतलेला विषय मनातून निसटू न देणे असा आहे. 'कायगता' म्हणजे कायेशी जडलेली. 'काय' या शब्दाला पालीत शरीराबरोबरच समूह किंवा ढीग असाही अर्थ आहे आणि अट्ठकथांनी, म्हणजे जुन्या पाली भाष्यग्रंथांनी, तो मुद्दाम पुढे आणला आहे: केस, नखे, दात अशा अनेक गोष्टींचा ढीग तो काय. मराठीत 'काय?' हा प्रश्न ठरावा हा निव्वळ योगायोग आहे, पण या साधनेला तो शोभून दिसतो.

२. ही साधना कोणत्या सुत्तांत सांगितली आहे?

मुख्यतः तीन ठिकाणी. (सुत्त म्हणजे बुद्धांचा उपदेश, निकाय म्हणजे अशा सुत्तांचा पाली संग्रह.) मज्झिमनिकायातील ११९ वे सुत्त हे कायगतासति सुत्त होय; ते श्रावस्तीच्या जेतवनात सांगितले गेले. त्याच निकायातील १० वे सतिपट्ठान सुत्त आणि दीघनिकायातील २२ वे महासतिपट्ठान सुत्त ही कुरू देशातील कम्मासधम्म या गावची आहेत. सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना (सुखद-दुःखद अनुभव), चित्त आणि धम्म (मनात येणाऱ्या गोष्टी व शिकवणीतली तत्त्वे) असे चार विषय, म्हणजे चार सतिपट्ठाने, येतात व शरीराचे निरीक्षण, म्हणजे कायानुपस्सना, त्यांतील पहिला असतो. कायगतासति सुत्त मात्र शेवटपर्यंत शरीराला धरून राहते आणि तेथूनच चार ध्यानांपर्यंत, म्हणजे एकाग्रतेच्या चार पायऱ्यांपर्यंत, पोहोचते. श्वासाच्या साधनेसाठी मज्झिमनिकायातील ११८ वे आनापानसति सुत्त सोबत वाचावे. चिनी आगमांतही, म्हणजे चिनी भाषेत उरलेल्या सुत्तसंग्रहांतही, या सुत्तांची समांतर रूपे आढळतात.

३. शरीराचे निरीक्षण म्हणजे प्रत्यक्षात काय काय करायचे?

सतिपट्ठान सुत्तातील कायानुपस्सनेचे एकूण १४ विभाग मोजले जातात. पहिला श्वासाचा. दुसरा चार इरियापथांचा, म्हणजे चालणे, उभे राहणे, बसणे आणि आडवे होणे यांचा. तिसरा संपजञ्ञाचा: पुढे जाताना, मागे येताना, हात आखडताना व पसरताना, चीवर धारण करताना, खाता-पिताना, इतकेच काय, शौचाला बसताना आणि गप्प असतानाही, आपण काय करीत आहोत याचे पूर्ण भान राखणे. त्यानंतर शरीराच्या भागांची उजळणी येते (प्रश्न ९), मग चार धातूंची (प्रश्न १३), आणि शेवटी स्मशानातील देहाच्या नऊ अवस्था (प्रश्न १२). पहिले तीन विभाग नवख्यालाही आजपासून करता येतात. पुढचे विभाग घाईने हाती घेऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण प्रश्न ११ मध्ये दिले आहे.

४. घरी सुरुवात कशी करावी? रोज किती वेळ बसावे?

सुत्तातील सूचना अगदी थोडक्या आहेत. अरण्यात, झाडाखाली किंवा रिकाम्या जागी जावे, मांडी घालावी, शरीर सरळ ठेवावे आणि स्मृती समोर उभी करावी. मग स्मृतीनेच श्वास आत घ्यावा व स्मृतीनेच बाहेर सोडावा. वन बीएचकेमध्ये रिकामी जागा म्हणजे पहाटेचे स्वयंपाकघर. तेथे आसनपट्टी किंवा चौपदरी घडीची सतरंजी अंथरून बसावे आणि घोंगडी दुमडून बुडाखाली घ्यावी, म्हणजे गुडघे जमिनीला टेकतात व कंबर आपोआप उभी राहते. नाकपुड्यांच्या कडेला आत येणारी हवा किंचित गार आणि बाहेर जाणारी किंचित कोमट लागते. तेवढा फरक कळला तरी पहिल्या आठवड्याचे काम झाले. मन भाजीच्या पिशवीकडे किंवा कालच्या भांडणाकडे गेले की ते गेल्याचे ओळखून परत आणावे. स्वतःला रागावण्यात वेळ घालवू नये. किती मिनिटे बसावे हे सुत्त सांगत नाही. रोज २० मिनिटे बसणाऱ्याची प्रगती रविवारी दोन तास बसणाऱ्यापेक्षा चांगली होते, हा आमचा अनुभव आहे.

५. मग हा प्राणायामच झाला की! श्वास मुद्दाम लांब करायचा का?

नाही. प्राणायामात श्वासाला वळण लावले जाते, येथे तो जसा असेल तसा जाणला जातो. 'दीघं वा अस्ससन्तो दीघं अस्ससामीति पजानाति', लांब श्वास चालू असेल तर तो लांब आहे हे जाणतो, आखूड असेल तर आखूड आहे हे जाणतो. क्रियापद 'पजानाति' आहे, 'करोति' नाही. यासाठी सुत्ताने कातकाम करणाऱ्या कारागिराचा दृष्टांत दिला आहे: तो दोरी लांब ओढतो तेव्हा लांब ओढत आहे हे त्याला कळत असते, आखूड ओढतो तेव्हा तेही कळत असते, कारण त्याचे डोळे आणि हात दोन्ही कामावरच असतात. पुढच्या पायऱ्यांवर श्वास शांत करीत जाण्याचा अभ्यास येतो, परंतु ती शांती कुंभकाच्या (श्वास रोखून धरण्याच्या) बळावर नव्हे, तर निरीक्षण सूक्ष्म होत जाण्यातून येते.

६. गुडघ्यांमुळे मांडी घालता येत नाही. खुर्चीवर बसले तर चालेल का?

चालेल. चारही इरियापथ साधनेचाच भाग असताना एकाच आसनाचा हट्ट धरणे मूळ शिकवणीला धरून होणार नाही. खुर्चीवर बसताना पाठ टेकू नये आणि दोन्ही पाऊले जमिनीवर सपाट ठेवावीत, इतके पुरे.

ज्यांना बसणेच जड जाते त्यांनी चंक्रमण, म्हणजे भान ठेवून येरझाऱ्या, करावे. अंगुत्तरनिकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत: प्रवासाची ताकद येते, प्रयत्नाची ताकद येते, आरोग्य राहते, खाल्ले-प्यालेले नीट पचते आणि चालताना मिळवलेली समाधी दीर्घकाळ टिकते. चौथा लाभ वाचून आपल्या शतपावलीची आठवण होणारच. मात्र शतपावलीत गप्पा चालतात, येथे पाऊल उचलणे, पुढे नेणे आणि टेकवणे एवढेच चालते. १५ ते २० पावलांचा सरळ पट्टा पुरतो, त्यामुळे घरातला व्हरांडाही चालेल.

पायाला मुंग्या आल्या तर काय करावे, हेही अनेक जण विचारतात. थोडा वेळ त्या मुंग्यांकडेच पाहावे आणि सहन होईनासे झाले की पाय हलवावा. मात्र आपण पाय हलवीत आहोत हे जाणून हलवावा, म्हणजे ते हलवणेसुद्धा संपजञ्ञात जमा होते.

७. इगतपुरीच्या शिबिरात शिकवतात ती हीच साधना का?

नाते जवळचे आहे, पण दोन्ही एक नाहीत. मंडाले येथे १९२४ मध्ये जन्मलेले सत्यनारायण गोयंका हे ब्रह्मदेशातील सयाजी ऊ बा खिन यांचे शिष्य होते; १९६९ मध्ये त्यांनी भारतात शिबिरे सुरू केली आणि पुढे इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र उभे राहिले. त्यांच्या दहा दिवसांच्या शिबिरात आधी आनापान असते आणि चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत मन फिरवून शरीरावरील संवेदना समतेने पाहण्यास शिकवले जाते. पाहण्याची जागा शरीर असली तरी भर संवेदनांवर, म्हणजे वेदनानुपस्सनेवर असतो. बत्तीस भागांची उजळणी किंवा स्मशानचिंतन यांचा सराव त्या शिबिरात करवून घेत नाहीत.

ब्रह्मदेशातीलच महासी सयाडो (१९०४–१९८२) यांच्या पद्धतीत पोटाचे वर येणे आणि खाली जाणे ही मुख्य खूण मानतात व प्रत्येक हालचालीची मनात नोंद घेतात. थायलंडच्या अरण्यवासी परंपरेत अजान मुन यांच्यापासून शरीराच्या भागांच्या चिंतनाला मोठे स्थान आहे. पायाभूत सुत्ते त्याच घराण्यातली, पण प्रत्येकाने वेगळ्या विभागावर जोर दिला आहे. दोन पद्धती एकाच बैठकीत मिसळू नयेत. ज्या शिबिरात आपण गेला असाल, तेथील सूचनाच तेथे पाळाव्यात.

८. मोबाइलवरच्या ॲपमधले 'बॉडी स्कॅन' आणि योगनिद्रा म्हणजे हेच ना?

नाही. बॉडी स्कॅन हा प्रकार जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या ताणनियंत्रणाच्या कार्यक्रमामुळे सर्वदूर पोहोचला. त्याच्यावर बौद्ध ध्यानाचा ठसा आहे, पण त्याचा हेतू आजारपण आणि ताण सुसह्य करणे हा आहे. योगनिद्रेत शिथिलता हवी असते. कायगतासतीत शरीर शिथिल होते, परंतु ते वाटेत होते. पाहायचे असते ते शरीराचे अनित्य आणि 'माझे' म्हणता न येणारे स्वरूप. शवासनात झोप लागली तर फारसे बिघडत नाही, येथे झोप लागली तर बैठक वाया गेली.

९. शरीराचे भाग ३१ की ३२? आणि मेंदूला यादीत जागा का नाही?

दोन्ही संख्या बरोबर आहेत. सतिपट्ठान आणि कायगतासति या सुत्तांत ३१ भाग येतात. खुद्दकपाठ या छोट्या पाली संग्रहातील 'द्वत्तिंसाकार' या पाठात मत्थलुङ्ग, म्हणजे मेंदू, स्वतंत्र मोजल्याने ते ३२ होतात. पाचव्या शतकात श्रीलंकेत विसुद्धिमग्ग हा साधनेचा ग्रंथ लिहिणाऱ्या बुद्धघोषांनी याचा उलगडा असा केला की, सुत्तांच्या यादीत मेंदू हा अट्ठिमिञ्ज, म्हणजे अस्थिमज्जा, यातच धरलेला आहे.

यादीची सुरुवात मराठी माणसाला भाषांतराविना कळते: केसा, लोमा, नखा, दन्ता, तचो. केस, लव, नखे, दात, त्वचा. पुढे मांस, न्हारु, हाडे, मज्जा, मूत्रपिंड, हृदय, यकृत, पांथरी, फुप्फुस, आतडी असे आत आत जात, शेवटी पित्त, कफ, पू, रक्त, घाम, चरबी, अश्रू, लाळ, शेंबूड आणि मूत्र अशा द्रवांपर्यंत यादी पोहोचते. (न्हारु म्हणजे स्नायू बांधणाऱ्या शिरा-कंडरा, नारूच्या रोगाशी गल्लत करू नये.) विसुद्धिमग्गात पाठांतरासाठी या यादीचे पाच-पाच भागांचे चार आणि सहा-सहा भागांचे दोन गट केले आहेत. प्रत्येक गट सुलट म्हणायचा, मग उलट: तचो, दन्ता, नखा, लोमा, केसा. आधी तोंडाने, नंतर मनात. त्यापुढे प्रत्येक भागाचा रंग, आकार, दिशा, जागा आणि सीमा ध्यानात घ्यायची. थेरवादी (श्रीलंका, ब्रह्मदेश, थायलंड येथील) परंपरेत श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्षू, होण्याच्या दीक्षेच्या वेळी पहिले पाच भाग म्हणवून घेतात, ते याच कारणासाठी. विसुद्धिमग्गाला तर 'कायगतासति' या शब्दाने केवळ ही बत्तीस भागांची उजळणीच अभिप्रेत आहे. सुत्तातला व्यापक अर्थ आणि हा आखूड अर्थ यांची सरमिसळ झाली की चर्चा भरकटते.

१०. स्वतःच्या शरीराची किळस यावी, हाच या साधनेचा हेतू आहे का?

शरीराच्या भागांच्या विभागाचे नावच 'पटिकूलमनसिकार', म्हणजे न आवडणाऱ्या अंगाचे मनन, असे असल्याने हा समज पसरला आहे. परंतु सुत्तातला दृष्टांत पाहावा. दोन्ही बाजूंना तोंड असलेल्या पिशवीत साळ, भात, मूग, उडीद, तीळ आणि तांदूळ भरलेले आहेत. डोळस माणूस ती सोडतो आणि हे मूग, हे उडीद, हे तीळ असे एकेक ओळखतो. धान्य निवडताना मुगाचा राग येत नाही की तिळाचा मोह पडत नाही. सुपात घेऊन निवडणाऱ्याची नजर असते तशी नजर येथे हवी.

किळसेचे काम मर्यादित आहे. ती आपल्या आवडीतला अर्धवटपणा दाखवते. विसुद्धिमग्गात केसांविषयी एक अगदी घरगुती निरीक्षण आहे: छान वाढलेल्या भातात केसाच्या रंगाचे काही दिसले तरी माणसाला ओकारी येते. तोच केस पाच मिनिटांपूर्वी आरशासमोर विंचरून, तेल लावून मिरवला जात होता. केस बदलला नाही, त्याची जागा बदलली. हे एकदा ताटात पाहिले की आवड आणि शिसारी या दोन्ही आपण वरून चिकटवल्या होत्या, हे ध्यानात येते. किळस आली आणि तेथेच मुक्काम केला, तर साधना फसली असे समजावे.

११. भाग-चिंतन केल्यावर मन फार उदास होते, कधी स्वतःचाच तिटकारा येतो. पुढे चालू ठेवावे का?

नाही, थांबवावे. हा धोका खुद्द विनयपिटकात, म्हणजे भिक्षुसंघाच्या नियमग्रंथात, आणि संयुत्तनिकायात नोंदलेला आहे. वैशालीत अशुभ-भावनेचा, म्हणजे देहाच्या नकोशा बाजूच्या चिंतनाचा, उपदेश देऊन भगवान बुद्ध पंधरा दिवस एकांतात गेले. त्या काळात अनेक भिक्षूंना देहाचा इतका वीट आला की त्यांनी प्राण गमावले. परतल्यावर संघ रोडावलेला पाहून त्यांनी आनंदाला कारण विचारले, भिक्षूंना एकत्र बोलावले आणि आनापानसति शिकवली. एवढी घटना ग्रंथाने लपवली नाही, यातच ग्रंथाचा प्रामाणिकपणा दिसतो.

तेव्हा उदासी, भीती किंवा तिटकारा वाढत असेल तर श्वासावर किंवा चंक्रमणावर परतावे, अथवा मैत्री-भावना करावी, म्हणजे सर्वांचे भले चिंतावे. ज्यांना आधीपासूनच आपल्या वजनाबद्दल, रंगाबद्दल वा रूपाबद्दल न्यूनगंड आहे, ज्यांचे खाणे त्यापायी बिघडले आहे, किंवा ज्यांच्यावर नैराश्याचे उपचार चालू आहेत, त्यांनी बत्तीस भाग आणि स्मशानचिंतन मुळातच टाळावे. जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील तर ध्यान बाजूला ठेवून त्याच दिवशी घरच्यांशी आणि डॉक्टरांशी बोलावे. त्यात साधनेचा कसलाही कमीपणा नाही.

१२. स्मशानातल्या नऊ अवस्था आजच्या काळात कशा पाहायच्या? त्यासाठी स्मशानात जावेच लागते का?

जावे लागत नाही. सुत्तातले शब्द 'सेय्यथापि पस्सेय्य', म्हणजे 'जणू पाहत असावा' असे आहेत. त्या काळी उघड्यावर टाकलेली प्रेते दिसत. फुगलेला व काळानिळा देह, पशुपक्ष्यांनी खाल्लेला देह, मांस लागलेला सांगाडा, विखुरलेली हाडे, शंखासारखी पांढरी हाडे, अखेरीस चूर्ण, असा तो क्रम आहे. प्रत्येक अवस्थेनंतर साधक 'हे शरीरही याच स्वभावाचे आहे, यातून सुटलेले नाही' असे आपल्या देहाला लावून पाहतो. आपल्याकडे दहन होत असल्याने या अवस्था डोळ्यांना दिसत नाहीत, पण अस्थी सावडायला गेलेल्याने पांढरी, ठिसूळ हाडे हाताने उचललेली असतात. शेवटच्या दोन अवस्था समजण्यास तेवढे पुरते. इंटरनेटवरची अपघातांची छायाचित्रे मात्र शोधू नयेत. त्यांतून चिंतन होत नाही, नुसता हादरा बसतो, आणि कोणाच्या तरी आप्ताचा तो देह असतो.

१३. चार धातूंच्या भागात खाटकाचा दृष्टांत आहे. अहिंसेच्या धम्मात हे कसे?

दृष्टांत मारण्याविषयी नसून नावाविषयी आहे. कसबी खाटीक गाय कापून चव्हाट्यावर तिचे वाटे मांडून बसतो. वाटे पडले की 'गाय' ही संज्ञा संपते आणि 'मांस' उरते. तसेच शरीरात पृथ्वी, आप, तेज आणि वायू असे वाटे पाडले की 'मी' ही संज्ञा सैल होते. प्रत्यक्ष बैठकीत दात दातांवर टेकल्याचा कठीणपणा ही पृथ्वी, तोंडातली ओल हे आप, काखेतली ऊब हे तेज आणि पोटाची हालचाल हा वायू, अशी सुरुवात करता येते. एका चिनी आगमाच्या पाठात चारऐवजी सहा धातू आहेत. आकाश आणि विज्ञान (म्हणजे जाणीव) हे दोन वाढीव.

१४. श्वासाच्या सूचनांतील 'सब्बकायपटिसंवेदी' ('सर्व काय जाणणारा') म्हणजे संपूर्ण श्वास की संपूर्ण शरीर? दोन शिक्षकांनी दोन अर्थ सांगितले.

दोघांपाशीही आधार आहे. विसुद्धिमग्गानुसार येथे 'काय' म्हणजे श्वासाचा काय, त्याचा आरंभ, मध्य आणि शेवट. आनापानसति सुत्तातही श्वासाला 'कायांपैकी एक काय' म्हटले आहे. दुसरा पक्ष शब्द सरळ घेतो: श्वास घेताना डोक्यापासून पायापर्यंतचे शरीर जाणावे. पहिल्या अर्थाने एकाग्रता लवकर येते, दुसऱ्याने जडपणा कमी राहतो. ज्या शिक्षकाकडे आपण शिकत आहात, त्यांचा अर्थ तूर्त धरावा; दर आठवड्याला अर्थ बदलणे हा मात्र निश्चित चुकीचा मार्ग आहे.

१५. मासिक पाळीत बसावे का? आत्मा मानणाऱ्याने किंवा बौद्ध नसलेल्याने ही साधना करावी का?

पाळीत न बसण्याचा नियम सुत्तांत कोठेही नाही. रक्त हा यादीतला एक भाग आहे आणि तो सर्वांच्याच शरीरात आहे. स्त्रीदेहाची निंदा करण्यासाठी ही यादी वापरणाऱ्यांनाही हेच उत्तर: सुत्त 'इमस्मिं काये', 'या शरीरात' असे म्हणते, आणि ते शरीर आधी स्वतःचे असते. बौद्ध नसलेल्यांना श्वास, इरियापथ आणि संपजञ्ञ करण्यास काहीच अडचण नाही. शरीर म्हणजे मी नव्हे, येथपर्यंत आत्मवादीही सोबत येतात. पुढे वेदना आणि चित्तही तसेच पाहायचे असते आणि तेथे बौद्ध दर्शनाची वाट वेगळी होते, हे आधीच सांगितलेले बरे.

१६. फळ किती दिवसांत मिळते?

सतिपट्ठान सुत्ताच्या शेवटी सात वर्षांपासून सुरुवात करून हा अवधी सात दिवसांपर्यंत खाली आणला आहे. तेवढ्यावरून सात दिवसांची रजा टाकणारे वाचक आम्हाला ठाऊक आहेत. ते वचन चारही सतिपट्ठानांचा तसाच अखंड अभ्यास करणाऱ्याविषयी आहे. कायगतासति सुत्तात दहा लाभ सांगितले आहेत. त्यांतले पहिले तीन कोणालाही पडताळता येतील असे आहेत: कंटाळा माणसावर स्वार होत नाही, भीती स्वार होत नाही, आणि थंडी-ऊन, भूक-तहान, डास-माश्या व बोचरे शब्द सोसता येतात. पुढचे लाभ ध्याने, अभिज्ञा (असाधारण ज्ञानशक्ती) आणि आस्रवक्षय (चित्तातील मळांचा नाश) यांचे आहेत.

पहिली खूण कोणती, असे विचाराल तर संयुत्तनिकायातला सहा प्राण्यांचा दृष्टांत सांगतो. साप, मगर, पक्षी, कुत्रा, कोल्हा आणि माकड यांना दोऱ्यांनी एकत्र बांधले की साप वारुळाकडे, मगर पाण्याकडे, पक्षी आकाशाकडे, कुत्रा गावाकडे, कोल्हा स्मशानाकडे आणि माकड रानाकडे ओढते. ज्याचे बळ जास्त त्याच्यामागे बाकीचे फरफटतात. हे सहा म्हणजे आपली सहा इंद्रिये (पाच ज्ञानेंद्रिये आणि मन), आणि कायगतासति म्हणजे घट्ट रोवलेला खांब. खांबाला बांधल्यावरही प्राणी ओढतातच. दमल्यावर मात्र खांबापाशीच उभे राहतात, बसतात, आडवे होतात. म्हणून बैठकीत ओढाताण जाणवणे हे अपयश नव्हे.

१७. पाली येत नाही. मराठीत म्हटले तर चालेल का, आणि काय वाचावे?

चालेल. पाठांतराचा हेतू क्रम मनात बसणे हा आहे आणि तो मराठी नावांनीही साधतो. तरीही पहिले पाच पाली शब्द म्हणून पाहावेत, ते आपल्याला परके वाटत नाहीत. ग्रंथांविषयी म्हणाल, तर हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेत १९५० मध्ये निघालेल्या विसुद्धिमग्गाच्या प्रतीवर शेवटचा हात गोव्यातल्या साखवाळ गावच्या धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांनी फिरवला होता. मूळ ग्रंथ जड वाटत असेल तर आधी केवळ मज्झिमनिकायाचे ११९ वे सुत्त अनुवादातून वाचावे. ते अर्ध्या तासात वाचून होते.